बॅटरीतून उडतं ते फक्त पाणी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की कूलरच्या जाळीवर पांढरा थर धरतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. गाडीच्या बॅटरीत हेच घडतं. फरक इतकाच की तिथले क्षार खरवडून काढता येत नाहीत.

या बॅटरीत शिशाच्या प्लेटा सौम्य सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या असतात. चार्जिंग पुरं होत आलं आणि प्रत्येक सेलचं (बॅटरीतल्या कप्प्याचं) व्होल्टेज साधारण २.४ च्या वर गेलं, की पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. (म्हणूनच झाकणं उघडताना जवळ काडी किंवा सिगारेट अजिबात नको. हायड्रोजनचा भडका उडतो आणि ॲसिड डोळ्यांत जाऊ शकतं.) उन्हाळ्यात हे पाणी आणखी लवकर आटतं. ॲसिड मात्र आतच राहतं, त्यामुळे पातळी उतरली की ॲसिड नव्हे, पाणीच घालायचं.

पण कुठलं? टीडीएस ५०० असलेलं, म्हणजे लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेलं बोअरचं पाणी वर्षा-दोन वर्षांत मिळून लिटरभर घातलं, तर अर्धा ग्रॅम क्षार कायमचे आत बसले. त्यात लोह सगळ्यांत वाईट. त्याचे अणू एका प्लेटला इलेक्ट्रॉन देतात, दुसरीकडून परत घेतात, आणि ही ये-जा थांबतच नाही. गाडी अंगणात नुसती उभी असली तरी बॅटरी उतरत जाते. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड धन प्लेटची जाळी कुरतडतं. पाणी उकळून उपयोग नाही. लोह आणि क्लोराइड भांड्यातच राहतात.

आरओचं पाणी चालेल, असं पुष्कळांना वाटतं. पण ते पिण्यासाठी असतं, आणि चवीसाठी त्यात थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात. एसीतून ठिबकणारं पाणी वाफेचंच खरं, तरी ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून धूळ घेऊन येतं. माझ्या मते दोन्ही टाळावीत. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढून टाकलेल्या) वॉटरचा सीलबंद डबा नव्या बॅटरीच्या किमतीपुढे काहीच नाही.

पाणी चार्जिंग झाल्यावर वरच्या खुणेपर्यंतच भरा, कारण चार्ज होताना पातळी चढते आणि ॲसिड बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं पाणी आधी घाला, मग चार्ज करा.