बोटाचा ठसा बॅकअपमध्ये जात नाही

‘फोनला बोटाचा ठसा लावला की पिन विसरला तरी चालतं, नवा फोन घ्या, बोट टेकवा, सगळा डेटा परत मिळतो.’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. रोज बोटानेच फोन उघडतो, त्यामुळे तो खरा वाटणं अगदी साहजिक आहे.

प्रत्यक्षात ठशाचं फक्त गणिती रूप साठवलं जातं, तेही फोनमधल्या वेगळ्या, सुरक्षित भागात. ते तिथून बाहेर पडत नाही. बॅकअपमध्ये तर नाहीच. नव्या फोनला तुमचं बोट अनोळखीच असतं.

खरी किल्ली म्हणजे पिन. खात्री करायची असेल तर फोन आत्ता बंद करून पुन्हा सुरू करा आणि बोट ठेवा. तो पिनच मागेल, कारण साठवलेला डेटा उलगडायला लागणारी किल्ली पिनशिवाय तयार होत नाही. अँड्रॉइड ९ (२०१८) पासून गूगलच्या बॅकअपमधला अ‍ॅपचा डेटाही स्क्रीन लॉकच्या पिनने कुलूपबंद करता येतो. तो परत आणताना जुन्या फोनचा पिन विचारला जातो. तिथेच माणसं अडकतात, आणि वर्षांचे मेसेज हातचे जातात. फार वाईट वाटतं ते.

काही अ‍ॅप आपली किल्ली त्याच फोनमधल्या ठशाशी बांधतात. अशी अ‍ॅप नव्या फोनवर पुन्हा लॉगिन मागतात.

म्हणून पिन आजच कागदावर लिहून घरात जपून ठेवा, आणि फोटोंची एक प्रत कॉम्प्युटरवर काढा. फोन कॉम्प्युटरला जोडतानाही आधी तो उघडावा लागतो, तेव्हा स्क्रीन फुटायची वाट पाहू नका.