टोबा सरोवराची सहल आखताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बाली बघून आलेली मंडळी पुन्हा ऑफिसात येतात तेव्हा हमखास विचारतात, "इंडोनेशियात आणखी काय बघायचं?" आम्ही सांगतो, सुमात्रा बेटावरचं टोबा सरोवर. पुण्यात हे नाव फारसं कुणाच्या कानावर नसतं, त्यामुळे नकाशा बघून घाईत बेत ठरतो : मेदान शहरात उतरायचं, पहाटे टॅक्सी करायची, तळ्यावर फोटो काढायचे आणि रात्री परत. अशी धावती सहल आम्ही काढत नाही. कुणी आग्रह धरला तरी नको म्हणतो. त्याची कारणं आणि आमचा बेत कसा असतो, ते या पत्रकात सांगितलं आहे.

टोबा हे जगातलं सर्वांत मोठं ज्वालामुखी सरोवर. लांबी साधारण 100 किलोमीटर, रुंदी 30 किलोमीटर आणि सगळ्यात खोल जागी पाणी 500 मीटरहून जास्त. पाण्याची पातळीच समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच, म्हणून विषुववृत्ताच्या इतकं जवळ असूनही हवा सुखाची असते. पण हे आकारमान काठावर उभं राहून कळत नाही. परापात गावच्या धक्क्यावरून समोर डोंगर दिसतो. तो पलीकडचा काठ वाटतो, पण असतो तळ्यातल्या सामोसिर बेटाचा कडा. खरा पलीकडचा काठ त्याच्याही मागे राहतो. एका दिवसात जाऊन आलेला माणूस अर्धं तळं बघून परततो आणि आपण सगळं बघितलं असं समजतो.

हे तळं झालं कसं

पुण्याच्या माणसाला ज्वालामुखीचा खडक नवा नाही. पर्वती, सिंहगड, अख्खा सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मात्र आपला लाव्हा पातळ होता. जमिनीच्या भेगांतून तो वर आला आणि थरावर थर पसरत गेला. टोबाचा शिलारस सिलिकामुळे घट्ट, चिकट आणि वायूंनी गच्च भरलेला होता. सुमारे 74,000 वर्षांपूर्वी त्याचा स्फोट झाला आणि अंदाजे 2,800 घन किलोमीटर माल बाहेर फेकला गेला. कोयना धरणाचा 105 टीएमसी साठा म्हणजे जेमतेम 3 घन किलोमीटर. तशी नऊशेहून अधिक धरणं भरतील एवढा हा ऐवज. जमिनीखालचं कोठार रिकामं झालं आणि वरचं छप्पर आत कोसळलं. अशा खड्ड्याला कॅल्डेरा म्हणतात. त्यात पुढे पाणी साठत गेलं, तेच हे तळं. रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की गाडी थांबवून खडक जरूर बघा. आपल्यासारखा काळा पाषाण नसून दाबून घट्ट झालेल्या राखेचा फिकट करडा टफ दिसेल. हाताला खरखरीत लागतो.

सामोसिर बेटाची गोष्ट तर आणखी नवलाची. सगळं कोसळल्यानंतर खालून शिलारस पुन्हा रेटू लागला आणि तळ्याचा तळच वर उचलला गेला. बेटाच्या माथ्यावर आज तळ्याच्या तळाचा गाळ सापडतो, तो यामुळेच. त्या बेटावर सिदिहोनी नावाचं आणखी एक छोटं तळं आहे. तळ्यातल्या बेटावरच्या तळ्याकाठी बसून चहा पिण्याची सोय आम्ही बेतात मुद्दाम ठेवली आहे.

आता एक गोष्ट जी पुणेकरांना सांगताना आम्हाला विशेष आनंद होतो. टोबाची राख आपल्या जिल्ह्यात आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी नावाचं गाव आहे. तिथल्या नदीकाठच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच थराच्या संगतीने अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली आहेत. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात या राखेचा अभ्यास केला. ती टोबाहून आली हे पुढे तिच्या रासायनिक जुळणीवरून ठरलं. मात्र टोबाचा उद्रेक एकदाच झालेला नाही. 74,000 वर्षांपूर्वीच्या स्फोटाआधी सुमारे पाच लाख आणि आठ लाख वर्षांपूर्वीही मोठे उद्रेक झाले होते. बोरीची राख त्यातल्या कुठल्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांमध्ये अजून वाद आहे आणि त्या दगडी हत्यारांचं वय त्या उत्तरावर अवलंबून आहे. तीन हजारांहून अधिक किलोमीटर वाऱ्यावर आलेली ही राख बघायला, सहलीला निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी, आम्ही गटाला बोरीला नेतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. एकच विनंती : राख उकरू नका, आठवण म्हणून पुडीत बांधून आणू नका. थर पातळ आहे आणि अभ्यास चालू आहे.

कुठून शिरायचं

आमचा आग्रह क्रमाचा आहे. आधी वरून कडा बघायचा, मग पाण्यावर उतरायचं. उलट क्रमाने गेलं तर ते एक सुंदर तळं वाटतं आणि तेवढंच राहतं.

मुंबईहून क्वालालंपूर किंवा सिंगापूर आणि तिथून मेदानचं क्वालानामू विमानतळ. क्वालालंपूरहून मेदान तासाभराचंच आहे. इंडोनेशियाच्या या भागाचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. पहिला मुक्काम मेदानमध्ये न करता आम्ही थेट बेरास्तागीला चढतो. अंतर साठ-सत्तर किलोमीटरच, पण घाट आणि ट्रकची गर्दी यामुळे दोन-तीन तास धरून चला. बेरास्तागी थंड हवेचं गाव, भाजी आणि फळांचा मोठा बाजार. समोर सिनाबुंग ज्वालामुखी दिसतो. जवळपास चारशे वर्षं शांत असलेला हा डोंगर 2010 मध्ये जागा झाला आणि पुढची अनेक वर्षं राख ओकत राहिला. त्याच्या पायथ्याची काही गावं कायमची रिकामी करावी लागली. आम्ही तो लांबूनच दाखवतो. बंदी असलेल्या भागात नेऊ का, असं स्थानिक कुणी विचारलं तर ठामपणे नाही म्हणा. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या धोक्याच्या चार पातळ्या जाहीर होतात आणि आम्ही निघण्याच्या आठवड्यात त्या तपासूनच मार्ग पक्का करतो.

दुसऱ्या दिवशी सिपिसो-पिसो धबधबा. पठाराच्या कडेतून पाणी बाहेर पडतं आणि सुमारे 120 मीटर सरळ खाली कोसळतं. धबधबा छान आहेच, पण तिथे जाण्याचं खरं कारण वेगळं. त्याच कठड्यावरून उजवीकडे बघितलं की कॅल्डेराची भिंत आणि तिच्या पायथ्याला पसरलेलं तळ्याचं उत्तर टोक एका नजरेत येतं. आपण एका खड्ड्याच्या कडेला उभे आहोत हे पहिल्यांदा इथे जाणवतं. धबधब्याच्या पायथ्यापर्यंत पायऱ्या जातात. उतरताना काही वाटत नाही, चढताना दम निघतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर वरच थांबा, बघण्यात काही कमी पडत नाही.

तिथून कड्याकड्याने सिमार्जारुन्जुंगमार्गे परापात आणि बोटीने सामोसिरवरचं तुकतुक गाव. इथे तीन रात्री. यात काटछाट करा असं कृपया सांगू नका. परापातची प्रवासी बोट तुकतुकच्या हॉटेलांच्या धक्क्यांवर एकेकाला उतरवत जाते, फार सुखाचा प्रवास आहे.

सामोसिरवर

बेटावर बटाक लोकांची वस्ती. बहुतेक ख्रिस्ती आहेत. जर्मन धर्मप्रसारक नोमेनसेन एकोणिसाव्या शतकात इथे आले, त्यानंतरचा हा बदल. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं, दुकानं उशिरा उघडतात, आणि बाहेरच्या पायरीवर उभं राहून ऐकलेली समूहगीतं मनात राहतात.

बटाक घर जवळून बघा. लाकडी खांबांवर उचललेलं, छपराची दोन्ही टोकं वर वळलेली, खाली गुरांची जागा. शिडी चढून आत शिरताना दार इतकं ठेंगणं की मान लववावीच लागते. पाहुण्याने वाकून आत यावं हाच त्यामागचा हेतू. दर्शनी फळीवर लाल, काळा, पांढरा एवढ्याच रंगांत कोरीव काम असतं. त्यात पाल आणि ओळीने चार स्तन दिसतात. जिथे गेलो तिथे जुळवून घ्यावं, आणि आपल्या मातीला विसरू नये, असा त्याचा अर्थ तिथले लोक सांगतात.

तोमोकला राजघराण्याच्या दगडी समाध्या आहेत आणि नाचणारा लाकडी बाहुला सिगाले-गालेही. अंबारिताच्या सियाल्लागान वस्तीत झाडाच्या सावलीत दगडी आसनं गोलाकार मांडली आहेत. गावचा न्याय इथे बसून होत असे. वाटाड्या शिक्षेच्या रक्तरंजित कथा रंगवून सांगतो, लहान मुलं बरोबर असतील तर आधीच त्याच्या कानावर घाला. शेतांमधून मधेच मोठमोठी घरासारखी थडगी दिसतील. फोटो काढण्याआधी विचारा. "होरास" म्हणून नमस्कार केला की चेहरे खुलतात, आणि निघताना "मौलियाते" म्हटलं की आभार पोचतात.

उलोस नावाचं हातमागाचं कापड तोमोकच्या बाजारात मिळतं. लग्नात, बारशाला, अंत्यविधीला ते खांद्यावर पांघरण्याचा मान असतो. स्वस्तातलं यंत्रावरचं असतं. हातमागाचं हवं असेल तर उलटी बाजू बघा, थोडे जास्त पैसे गेले तरी विणणाऱ्या बाईकडूनच घ्या.

पश्चिमेला पांगुरुरानजवळ पुसुक बुहित डोंगराच्या पायथ्याला गरम पाण्याचे झरे आहेत. गंधकाचा वास येतो. खाली अजून ऊब आहे, त्याची ही खूण. बटाक लोकांच्या समजुतीत त्यांचा मूळपुरुष याच डोंगरावर उतरला, त्यामुळे तिथे आवाज आणि कचरा दोन्ही नको. शेवटच्या दिवशी इथूनच पूल ओलांडून तेलेच्या घाटाने समोरचा कडा चढायचा. वर मनोऱ्यावरून मागे वळून बघितलं की तीन दिवस फिरलेलं सगळं बेट खाली दिसतं. पुढे सिलांगित विमानतळ, जकार्तामार्गे परत.

जेवणाचं

शाकाहारी मंडळींनी हा भाग नीट वाचावा. बटाक खानावळींवर बी-वन आणि बी-टू अशा पाट्या असतात. बी-वन म्हणजे कुत्र्याचं मांस, बी-टू म्हणजे डुकराचं. तिथे बसूच नका. तुकतुकला पर्यटकांची हॉटेलं आहेत, तिथे भात, टोफू, तेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), भाज्या व्यवस्थित मिळतात. अडचण येते ती चटणीत. सांबालमध्ये बहुधा तेरासी असते, म्हणजे आंबवलेली कोळंबी. आम्ही प्रत्येकाला इंडोनेशियन भाषेत लिहिलेलं कार्ड देतो : मांस नको, मासे नकोत, तेरासी नको. तरी मेतकूट, चटणी, खाकरा, दशम्या जवळ असू द्या. मेदानला कंपुंग मद्रास भागात तमिळ वस्ती आहे, 1884 सालचं मारिअम्मन मंदिर आहे, आणि डाळभात मिळतो.

मासे खाणाऱ्यांनी आर्सिक चुकवू नये. हळदीच्या पिवळ्या मसाल्यात मंद शिजवलेला मासा, आणि त्यात आंदालिमान. कोकणी घरातून आलेल्या ग्राहकांना तो वास लगेच ओळखू येतो, कारण आंदालिमान आपल्या तिरफळाच्याच कुळातलं झाड आहे. जिभेला तशीच झिणझिणी आणतं. कॉफी कुठेही प्या, उत्तम असते.

बोट

18 जून 2018 रोजी सिमानिंदोहून तिगारासला निघालेली, क्षमतेहून कितीतरी जास्त माणसं भरलेली बोट या तळ्यात बुडाली. दीडशेहून अधिक लोक गेले, बहुतेकांचे देह खोल पाण्यातून वर आलेच नाहीत. तळं शांत दिसतं, पण दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात. म्हणून आमचा नियम : बोट सकाळची, लाइफ जॅकेट मोजून घेतल्याशिवाय चढायचं नाही, बसल्यावर अंगात घालायचं, आणि बोट भरलेली वाटली तर पुढचीची वाट बघायची. यावरून कुणाशीही तडजोड होणार नाही, विमान चुकण्याची वेळ आली तरी.

कधी जावं

ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस जास्त, म्हणून दिवाळीच्या सुट्टीसाठी आम्ही टोबा सुचवत नाही. मे चालतो, जून-जुलै अधिक बरे. रमजान ईदच्या आणि नाताळच्या आठवड्यात स्थानिक गर्दीमुळे बोटीला तासन्‌तास रांगा लागतात, ते दिवस टाळतो. संध्याकाळी एक स्वेटर लागतोच.

कागदपत्रं आणि पैसे

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध हवा. भारतीयांना क्वालानामूवर आगमन व्हिसा मिळतो, शुल्क 5 लाख रुपिया, मुदत 30 दिवस. आम्ही तो ऑनलाइनच काढून देतो, रांग वाचते. सर्वांत मोठी नोट एक लाखाची असते. शून्यं मोजायची सवय होईपर्यंत पैसे देताना घाई नको. सामोसिरवर कार्ड सगळीकडे चालत नाही, रोख रक्कम मेदानमध्येच काढून घ्या.

परदेश सहलीवर नियमानुसार टीसीएस (सहलीच्या पैशांबरोबर आम्ही घेऊन सरकारकडे भरतो तो आगाऊ कर) कापला जातो, तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. त्यासाठी नोंदणीच्या वेळी प्रत्येक प्रवाशाचा पॅन लागेल. पासपोर्टची प्रत, दोन फोटो, चालू औषधांची डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी आणि जेवणाची आवडनिवड लिहिलेला आमचा फॉर्म एवढं घेऊन या. साठीच्या पुढच्यांनी घाटरस्त्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून मगच पैसे भरावेत. गट एका मिनीबसमध्ये मावेल एवढाच असतो.