ग्वार गम

ग्वार गम : गवारीच्या बियांमधील पुष्क (गर्भाच्या पोषणासाठी असलेला अन्नसाठा) दळून तयार केलेली पांढुरकी ते फिकट पिवळी, जवळजवळ बेचव पूड. थंड पाण्यात ती फुगते आणि पाण्याला दाटपणा आणते. आइस्क्रीम, सॉस, ग्लुटेनविरहित पाव, औषधी गोळ्या, कापडछपाईची खळ, कागद, खाणकाम, तेलविहिरी अशा एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या ठिकाणी तिचा वापर होतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर तिचा उल्लेख ‘आयएनएस ४१२’ या आंतरराष्ट्रीय क्रमांकाने किंवा युरोपात ‘ई ४१२’ असा असतो. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक खोडातून पाझरतो, त्याच्याशी या गमचा संबंध नाही. तुपात तळून ग्वार गम फुलत नाही, त्यामुळे डिंकाच्या लाडवात त्याचा काही उपयोग नाही.

गवार (सायामॉप्सिस टेट्रागोनोलोबा) हे शिंबावंत कुलातील कमी पावसाचे पीक. महाराष्ट्रात ती मुख्यतः भाजीसाठी लावतात आणि शेंगा कोवळ्या असतानाच खुडतात. ‘पुसा नवबहार’ हा अशा भाजीच्या वाणांपैकी एक. गमसाठीची गवार वेगळी असते. तिच्या शेंगा झाडावरच वाळू देतात आणि बी काढतात. हिसारच्या कृषी विद्यापीठाचा ‘एचजी-३६५’ आणि राजस्थानातील दुर्गापुरा केंद्राचा ‘आरजीसी-९३६’ हे त्यातले परिचित वाण. भाजीच्या शेतातल्या जून झालेल्या शेंगा गोळा करून गमचा धंदा होत नाही.

जगातील बहुतांश ग्वार गम भारतातून जातो आणि त्यातला मोठा वाटा राजस्थानचा असतो. श्रीगंगानगर, हनुमानगड, बिकानेर, बाडमेर, जैसलमेर या पट्ट्यात पीक निघते आणि गिरण्या बव्हंशी जोधपूरच्या आसपास आहेत. हरियाणातील सिरसा-भिवानी भाग, गुजरातेतील कच्छ-बनासकांठा आणि सीमेपलीकडे पाकिस्तानातही गवार पिकते. जुलैमध्ये पहिल्या दमदार पावसावर पेरणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढणी, असे हे तीन-चार महिन्यांचे पीक. तीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस त्याला पुरतो. तो नको त्या वेळी आला की मात्र नुकसान होते. शेंगा पक्व होत असताना पाऊस झाला तर बी काळे पडते. काळ्या बियांचा गम कमी दाट येतो आणि पुडीत काळे ठिपके दिसतात. म्हणून गिरणीवाला पोते उघडल्यावर आधी बियांचा रंग बघतो.

बियांच्या वजनात टरफल साधारण १४ ते १७ टक्के, पुष्क ३५ ते ४२ टक्के आणि गर्भ ४३ ते ४७ टक्के असतो. गम फक्त पुष्कात. गिरणीत बी साफ करून फोडतात तेव्हा ठिसूळ गर्भ चुरडून वेगळा होतो. उरलेल्या दोन चिवट अर्धुकांना उष्णता देऊन आणि घासून टरफल काढले की पांढरट पाकळ्या मिळतात. व्यापारात त्यांना ‘स्प्लिट’ म्हणतात. त्या ओलवून, रुळांखाली चपट्या करून, दळून, वाळवून चाळल्या की पूड तयार होते. शंभर किलो बियांतून साधारण २८ ते ३० किलो गम निघतो. बाकीचा माल ‘चुरी’ आणि ‘कोरमा’ या नावांनी जनावरांच्या खाद्यासाठी विकला जातो. कोरम्यात चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असल्याने गिरणीच्या हिशेबात तो दुय्यम नसतो. खाद्याचा भाव पडला की गमही महाग पडतो.

रचना आणि गुणधर्म. ग्वार गम हे गॅलॅक्टोमॅनन वर्गातील बहुशर्करेचे संयुग आहे. मॅनोज शर्करेच्या लांब साखळीला साधारण एक सोडून एक ठिकाणी गॅलॅक्टोजचा फाटा असतो, म्हणजे दोघांचे प्रमाण सुमारे २:१. मेथीच्या गममध्ये ते १:१, तारा या झुडपाच्या गममध्ये ३:१ आणि कॅरोब झाडाच्या बियांपासून होणाऱ्या लोकस्ट बीन गममध्ये ४:१ असते. फाटे जितके दाट, तितक्या साखळ्या एकमेकींना कमी चिकटतात आणि पाण्याला आत शिरायला जागा मिळते. त्यामुळेच ग्वार गम थंड पाण्यात विरघळतो, तर लोकस्ट बीन गमला पूर्ण विरघळण्यासाठी सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते.

दर्जा ठरवताना एक टक्का द्रावण २५ अंशांवर दोन तास ठेवून ब्रुकफील्ड उपकरणाने श्यानता (दाटपणा) मोजतात. खाद्य दर्जाच्या पुडीत ती साधारण ३५०० ते ६००० सेंटिपॉइज (श्यानतेचे एकक) भरते. अर्ध्या टक्क्याच्या वर प्रमाण दुप्पट केले की दाटपणा दुप्पट नव्हे, जवळजवळ दसपट होतो. ‘अजून चिमूटभर’ घालणाऱ्याची फसगत होते ती यामुळे. द्रावण ढवळताना पातळ होते आणि थांबताच पुन्हा दाट होते, म्हणून ढवळणे चालू असताना दाटपणाचा अंदाज घेऊ नये. गम स्वतःहून जेली बनवत नाही. झँथन गम या जिवाणूंपासून मिळणाऱ्या गमबरोबर वापरल्यास दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त दाटपणा येतो. गमवर विद्युतभार नसल्याने मिठाचा त्याला फारसा त्रास नाही आणि सामू ४ ते १० च्या दरम्यान तो टिकाऊ असतो.

पाण्यात घालण्याची रीत. तक्रारी बहुतेक येथेच जन्मतात. कोरडी पूड एकदम पाण्यात टाकली की प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात फुगतो आणि आतल्या कोरड्या पुडीपर्यंत पाणी पोचूच देत नाही. अशी गुठळी तासभर ढवळूनही फुटत नाही. गाळून काढली तर तेवढा गम वाया जातो आणि ठरवलेला दाटपणा कधीच येत नाही.

एक लिटर पातळ पदार्थात पाच ग्रॅम गम घालायचा असेल तर तो आधी त्याच्या दसपट, म्हणजे पन्नास ग्रॅम बारीक साखरेत कोरडाच नीट मिसळावा. साखर नको असेल तर तेवढ्याच तेलात किंवा ग्लिसरिनमध्ये कालवावा. पाणी जोरात घुसळत ठेवून भोवऱ्याच्या कडेवर मिश्रण मिनिटभरात थोडेथोडे भुरभुरावे. दाटपणा येऊ लागताच भोवरा बुजतो, त्याआधी सगळी पूड आत गेली पाहिजे. नंतर थांबावे. बारीक पूड दहा-पंधरा मिनिटांत बरीचशी फुगते, पण पूर्ण दाटपणा यायला खोलीच्या तापमानाला दोन तास लागू शकतात. पाच मिनिटांनी ‘पातळच आहे’ म्हणून आणखी पूड घातलेले सॉस सकाळी बाटलीतून बाहेर येत नाही.

क्रमही महत्त्वाचा. लिंबू, व्हिनेगर किंवा चिंचेचा कोळ आधी घातला तर गम सावकाश फुगतो, म्हणून तो साध्या पाण्यात फुगवून आंबट पदार्थ शेवटी घालावेत. मीठ आणि भरपूर साखरही पाण्यावर हक्क सांगतात. गोळीबंद पाकात गम घालून काही हाती लागत नाही. आंबट मिश्रण खूप वेळ उकळले तर साखळ्या तुटतात आणि आलेला दाटपणा कायमचा जातो.

प्रमाण वजनावरच ठरवावे. चमच्याचा भरवसा नाही, कारण सपाट चमच्यात साधारण तीन ग्रॅम मावतो आणि शिगोशीग चमच्यात त्याच्या दुपटीच्या आसपास. आइस्क्रीमला ०.१ ते ०.३ टक्के पुरतो. बर्फाचे स्फटिक लहान राहावेत एवढेच त्याचे तिथे काम. सॉस आणि रस्स्यांना ०.२ ते ०.५ टक्के. पुढे गेल्यास जिभेवर बुळबुळीत, लाळेसारखा पोत जाणवतो आणि मसाल्याची चव दबते. ग्लुटेनविरहित पावाला पिठाच्या एक ते दोन टक्के गम लागतो, म्हणजे तो फुगताना वायू धरून ठेवतो. ज्वारी-बाजरीच्या भाकरीला त्याची गरज नाही. गरम पाण्याने पिठातील स्टार्चच चिकटपणा देतो, त्यात गम घातल्यास भाकरी चामट होते.

तयार द्रावण हे जिवाणूंना आयते अन्न आहे. परिरक्षक न घातलेले द्रावण खोलीच्या तापमानाला एका दिवसात पातळ पडू लागते आणि आंबट वास येतो. त्या दिवशी लागेल तेवढेच करावे, उरलेले शीतकपाटात ठेवावे. मॅननेझ किंवा हेमिसेल्युलेझ ही विकरे असलेले बेकरी मिश्रण सोबत असेल तर गम आतूनच कापला जातो.

बोरॅक्स (टाकणखार) हे वेगळे प्रकरण आहे. अल्कली माध्यमात बोरेट आयन साखळ्या एकमेकींना बांधतात आणि द्रावणाचा रबरी गोळा होतो. शेल खडक फोडून तेल व वायू काढताना हाच गुण कामी येतो. दर हजार लिटर पाण्यात साधारण अडीच ते पाच किलो गम घालून बोरेटने घट्ट केलेले द्रावण वाळूचे कण भेगांत वाहून नेते. नंतर विकर किंवा ऑक्सिडीकारक घालून ते पातळ करून बाहेर काढतात. या मागणीने २०११-१२ मध्ये गवारीचे भाव इतके भडकले, की मार्च २०१२ मध्ये वायदेबाजारातील व्यवहार थांबवावे लागले. ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. बोरॅक्स घालून गोळा होतो का हे पाहण्याची चाचणी गम ओळखण्यापुरती ठीक, पण चाचणीचे भांडे स्वयंपाकात परत आणू नये.

कापडछपाईत डिस्पर्स (पॉलिएस्टरसाठीच्या) रंगांसाठी ग्वारची खळ चालते. सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग मात्र गमच्याच हायड्रॉक्सिल गटांशी जोडले जातात, कापडाचा स्पर्श खरखरीत होतो आणि रंग वाया जातो. तिथे समुद्रशेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट वापरतात.

खरेदी आणि तपासणी. खाद्य आणि औद्योगिक दर्जा दिसायला सारखेच. खाण्यासाठी घेताना बॅचचे विश्लेषणपत्र मागावे. ओलावा १५ टक्क्यांपर्यंत, प्रथिने १० टक्क्यांपर्यंत आणि आम्लात न विरघळणारा भाग ७ टक्क्यांपर्यंत असावा. ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जिवाणू आढळता कामा नयेत. प्रथिने जास्त म्हणजे गर्भ नीट वेगळा झाला नाही. अशा पुडीला कच्च्या शेंगेचा वास येतो आणि तो आइस्क्रीममध्ये लपत नाही. आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग आला तर स्टार्चची भेसळ समजावी.

२००७ मध्ये भारतातून गेलेल्या काही मालात पेंटाक्लोरोफिनॉल (एक कीड-बुरशीनाशक) आणि डायॉक्सिन ही विषारी द्रव्ये सापडली. तेव्हापासून युरोपीय संघाने भारतीय ग्वार गमच्या आयातीला विशेष अटी लावल्या. पेंटाक्लोरोफिनॉलची सीमा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ठरली आणि सोबत चाचणीचा अहवाल देणे बंधनकारक झाले.

सुरक्षितता. अन्नातील नेहमीच्या प्रमाणात गम निर्धोक मानला जातो. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९७५ मध्ये दैनिक सेवनाची आकड्यातील मर्यादा ठरवण्याची गरज नसल्याचे म्हटले. मोठ्या आतड्यात तो आंबतो, म्हणून जास्त झाल्यास पोट फुगते. खरा धोका कोरडा गम गिळण्यात आहे. वजन घटवण्याच्या गोळ्या घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आणि १९९० च्या सुमारास तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्यांवर कारवाई केली. तंतुमय पूरक म्हणून घ्यायचा तर भरपूर पाण्यात पूर्ण फुगवूनच घ्यावा. गिळायला त्रास असलेल्यांनी टाळावा. मधुमेहाची किंवा अन्य नियमित औषधे चालू असल्यास वैद्याला विचारावे, कारण गम औषधांचे शोषण लांबवू शकतो. तान्ह्या बाळाच्या दुधात तो स्वतःच्या मनाने घालू नये.

पूड हाताळणाऱ्यांना श्वासातून जाणाऱ्या धुळीचा त्रास होतो. शिंका, डोळ्यांची जळजळ आणि काहींना दमाही झाल्याच्या नोंदी आहेत. पोते रिकामे करताना नाकावर नीट बसणारा धूळरोधक मास्क हवा. हवेत उडालेली बारीक पूड ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून दळण-चाळणीच्या जागी उघडी ज्योत नको आणि यंत्रांना अर्थिंग हवे. साठवण घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल नसलेल्या जागी. ओला चमचा आत गेला की डब्यात गोळे झालेच.

पूड जमिनीवर सांडली तर पाणी ओतू नये. लादी इतकी निसरडी होते की उभे राहता येत नाही आणि मोरीत गेलेला गोळा नळी तुंबवतो. कोरडीच झाडून किंवा व्हॅक्यूमने उचलावी, मग उरलेली ओल्या फडक्याने पुसावी.