रिटर्न वेगळं, वॉरंटी वेगळी: स्पेअर पार्टच्या काउंटरवर नेमकं काय अडतं

माझी गाडी सकाळी सुरू होत नव्हती. दुसऱ्या गाडीवरून जंप केबल जोडली की लगेच सुरू व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मेकॅनिकने मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर जेमतेम 12.7 व्होल्ट दिसत होते. चार्जिंग नीट होत असेल तर हा आकडा साधारण 13.8 ते 14.5 च्या मध्ये असतो. आम्ही दोघांनी मिळून निदान केलं की ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट, गेला. नवा आणला, बसवला, मीटर लावला. आकडा तसाच.

दुसऱ्या दिवशी तो नवा ऑल्टरनेटर काढून, खोक्यात घालून, बिलासकट मी दुकानात परत नेला. म्हटलं, हा नको, पैसे परत द्या. काउंटरवरच्या माणसाने खोकं उघडलं, बोल्टच्या भोकांभोवतीचे ओरखडे पाहिले आणि सांगितलं, "बसवलेला माल आहे, त्यात इलेक्ट्रिकल. रिटर्न होत नाही." मी बिलावरच्या ओळीवर बोट ठेवलं: एक वर्षाची वॉरंटी. त्याने ऑल्टरनेटर टेस्ट बेंचवर चढवला, फिरवला, आकडे दाखवले. "हा तर चालतोय. क्लेम कशाचा लावू?"

म्हणजे वापरलेला म्हणून रिटर्न नाही, आणि खराब नाही म्हणून वॉरंटी नाही. मी तिथे आवाज चढवला, आणि त्या क्षणी मला तो सरळसरळ लुबाडणुकीचा प्रकार वाटला. आज मी दुकानाला पूर्ण निर्दोष धरत नाही, पण भांडण ज्या मुद्द्यावर झालं तो मुद्दाच माझा चुकला होता. रिटर्न आणि वॉरंटी या एकाच हक्काच्या दोन पायऱ्या आहेत, पहिली हुकली तर दुसरी मिळेल, असं मी धरून चाललो होतो. तसं नाही. या दोन वेगळ्या प्रश्नांच्या दोन वेगळ्या खिडक्या आहेत.

रिटर्नच्या वेळी दुकान विचारतं: हा माल मी दिला तसाच आहे का? मी तो उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला नवा म्हणून विकू शकतो का? तुम्ही तो का परत करताय, हा प्रश्न इथे जवळजवळ गौण असतो. मन बदललं, गाडीच विकली, चुकून दोन आणले, काहीही चालतं. वॉरंटीच्या वेळी प्रश्न उलटा असतो: या पार्टमध्ये कारखान्यातूनच दोष आला आहे का? तिथे खोकं फाटलेलं असलं, पार्ट तेलकट झालेला असला तरी फारसं बिघडत नाही. उलट पार्ट गाडीवर बसवून चालवल्याशिवाय दोष कळणारच कसा?

गोंधळाचं मूळ इथेच आहे. जी गोष्ट रिटर्न मारते तीच वॉरंटीला लागते. फिटिंग झाल्याचा पुरावा रिटर्नच्या खिडकीवर तुमच्या विरोधात जातो, आणि वॉरंटीच्या खिडकीवर तोच मागितला जातो: कोणत्या तारखेला बसवला, किती किलोमीटरवर, कोणत्या गॅरेजने, फिटिंगचं बिल आहे का. मी रिटर्न मागायला गेलो आणि बोलताना "बसवून पाहिला, काही फरक नाही" असं स्वतःच सांगून टाकलं. त्या एका वाक्याने रिटर्न बंद झालं. आणि वॉरंटीसाठी ते पुरेसं नव्हतं, कारण गाडीत फरक न पडणं म्हणजे पार्ट खराब असणं नव्हे.

इलेक्ट्रिकल पार्टबद्दल दुकानं इतकी कडक का, याचं कारण मला तेव्हा पटलं नव्हतं, आता पटतं. ब्रेक डिस्क बसवली होती की नाही हे डोळ्यांनी दिसतं. सेन्सर, इग्निशन कॉइल, कंट्रोल युनिट यांचं तसं नाही. वायरिंगमध्ये शॉर्ट असलेल्या गाडीवर पाच मिनिटं लावलेला मॉड्यूल बाहेरून नवाकोराच दिसतो आणि आतून मेलेला असू शकतो. ऑल्टरनेटर किमान बेंचवर फिरवून पाहता येतो. बहुतेक सेन्सर तपासायची सोय काउंटरवर नसते. शिवाय काही लोक एकेक पार्ट लावून बघत बिघाड शोधतात आणि जो लागू पडला नाही तो परत नेऊन देतात. तो परत आलेला पार्ट पुढच्या गिऱ्हाइकाला "नवा" म्हणून मिळाला, तर फसवणूक त्याची होते. माझा राग खरा होता, पण माझ्यानंतर येणाऱ्या माणसालाही सीलबंद पार्ट मिळायला हवा, हेही तितकंच खरं आहे.

पैसे कोणाच्या खिशातून जातात, हा दुसरा मोठा फरक, आणि तो काउंटरवर कोणी सांगत नाही. रिटर्नचा निर्णय दुकानाचा असतो. समोरचा माणूस किंवा त्याचा मालक हो म्हणाला की झालं. म्हणूनच तिथे थोडी घासाघीस चालते: पूर्ण पैसे, किंवा हाताळणीचे म्हणून काही टक्के कापून, किंवा रोख न देता क्रेडिट नोट. (क्रेडिट नोट म्हणजे परतावा नव्हे. तुमचे पैसे त्याच दुकानात अडकलेले राहतात. ती घ्यायला हरकत नाही, पण तिला रिफंड समजून घेऊ नका, आणि तिची मुदत किती ते तिथेच विचारा.) कंपनीच्या वॉरंटीचा निर्णय मात्र बहुतेक वेळा दुकानाच्या हातात नसतो. पार्ट वितरकाकडे, तिथून कंपनीकडे जातो, तपासला जातो, मग उत्तर येतं. त्यात दिवस जातात, कधी आठवडे. आणि मंजूर झालं तरी सहसा बदली पार्ट मिळतो, रोख नाही. फिटिंगची मजुरी, गाडी ओढून आणल्याचा खर्च, बुडालेला दिवस, हे बहुतेक वॉरंटीत धरलेलं नसतं. बदली मिळालेल्या पार्टवर बऱ्याचदा नवी मुदतही सुरू होत नाही. पहिल्या खरेदीची उरलेली मुदतच पुढे चालते. "वॉरंटी आहे" हे ऐकून जो दिलासा मिळतो त्यातला बराचसा भाग इथे गळून पडतो, म्हणून हे विकतानाच स्पष्ट सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

वॉरंटी नाकारली जाण्याची कारणंही रिटर्नपेक्षा निराळी असतात. तिथे पार्टच्या शेजारच्या गोष्टींची चौकशी होते. एसीचा कॉम्प्रेसर बदलताना लाइन फ्लश केली (आतून धुतली) का, ओलावा शोषणारा रिसीव्हर ड्रायर नवा टाकला का, हे विचारतात, कारण जुन्या कॉम्प्रेसरचा धातूचा चुरा लाइनमध्ये राहिला तर तो नव्यालाही खातो. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पार्ट) बसवताना त्याला तेल पुरवणारा ऑइल फीड पाइप बदलला किंवा साफ केला का, कारण त्यात साचलेल्या कार्बनने तेल अडलं की नवा टर्बोही थोड्याच दिवसांत जातो. क्लच प्लेटवर तेलाचे डाग असतील तर दोष प्लेटचा नाही, गळणाऱ्या सीलचा. व्हील बेअरिंगचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. हल्लीच्या बऱ्याच बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर चाकाचा वेग तिच्यावरून वाचतो. ती बाजू उलटी बसली की एबीएसचा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक म्हणतं बेअरिंग खराब दिलं. बेअरिंग चांगलं होतं, पण दाबून काढताना ते आता खरंच खराब होतं. अशा वेळी ना रिटर्न, ना वॉरंटी. तो खर्च ज्याने बसवलं त्याच्याकडे मागायचा असतो. गॅरेजवाल्याशी नातं जपायचं म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो, हे मी अनेकदा पाहिलंय, आणि स्वतः केलंय.

आता एक प्रकार असा आहे जो या दोन्हींत मोडत नाही, पण दुकानं त्याला सर्रास रिटर्नच्या नियमांत कोंबतात. चुकीचा माल. तुम्ही मागितलं एक, दिलं दुसरं. किंवा तुम्ही गाडीची माहिती बरोबर दिली आणि दुकानाने कॅटलॉगमध्ये चुकीची ओळ पाहिली. ही दुकानाची चूक आहे. इथे टक्के कापणं, क्रेडिट नोट हातात ठेवणं मला मान्य नाही. पण "माहिती बरोबर दिली" हे दाखवता यायला हवं. एकाच मॉडेलमध्ये, एकाच वर्षात, उत्पादनाच्या महिन्यानुसार दोन वेगळे ब्रेक कॅलिपर किंवा दोन वेगळे फिल्टर बसलेले असू शकतात. त्यामुळे मॉडेल आणि साल सांगणं पुरत नाही, चेसिस नंबर द्यावा लागतो. तो 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळात वापरतच नाहीत, कारण ती 1 आणि 0 सारखी दिसतात. तुमच्या कागदावर ओ लिहिलेला असेल तर तो शून्य आहे. हा नंबर ऑर्डरवर किंवा बिलावर लिहून घेतला, तर न बसणारा पार्ट कोणाच्या चुकीने आला यावर वाद उरत नाही. आणि पॅकिंग फोडण्याआधी जुना पार्ट शेजारी धरून पाहावा: बोल्टमधलं अंतर, कनेक्टरच्या पिना, पुलीच्या खाचा. तेवढं करेपर्यंत रिटर्नची खिडकी उघडी असते.

कायद्यानेही ही रेघ ओढलेली आहे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न देता 14 दिवसांत परत करता येते, पण ग्राहकाने ती तपासण्यापुरती न हाताळता त्यापुढे वापरली असेल तर घटलेली किंमत विक्रेता कापू शकतो. ही झाली रिटर्नची बाजू. सदोष मालाची जबाबदारी तिथे वेगळी लिहिली आहे: किमान 2 वर्षं, आणि ती विकणाऱ्याची, नुसती बनवणाऱ्याची नव्हे. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सदोष वस्तू नाकारून पैसे परत मागायला 30 दिवस दिलेले आहेत. भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत, नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी मन बदललेल्या गिऱ्हाइकाला थांबवू शकेल, सदोष माल घेऊन आलेल्याला नाही. दुकानाने त्या एका पाटीवर दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिलं, तर तिथे गप्प बसू नका.

काउंटरवर पोचल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे म्हणून आधी ठरवावं. "हा लागला नाही, उघडलेला नाही, रिटर्न करायचाय" हे एक. "हा अमुक तारखेला बसवला, इतके किलोमीटर चालला, आता आउटपुट देत नाही, वॉरंटी क्लेम लिहून घ्या" हे दुसरं. क्लेम दिला तर त्याची पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि पार्टवरचा सीरियल नंबर असू द्या. क्लेम फेटाळला तर कारण लेखी मागा. "कंपनीने नाही म्हटलं" एवढं ऐकून परत येऊ नका, कारण कारण कळल्याशिवाय दोष पार्टचा, फिटिंगचा की निदानाचा, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

माझ्या बाबतीत दोष निदानाचा होता. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून निकामी झाली होती. ऑल्टरनेटर आपल्यापुरते पूर्ण व्होल्ट तयार करत होता, पण ते बॅटरीपर्यंत पोचत नव्हते. मीटरची एक पिन ऑल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, तर इंजिन चालू असताना फरक 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवा. आमच्याकडे तो दीड व्होल्टच्या वर निघाला. जंप केबलचा काळा चिमटा आम्ही दर वेळी इंजिनच्या धातूवर लावत होतो, म्हणून गाडी चटकन सुरू व्हायची. केबल त्या गंजलेल्या पट्टीचंच काम करत होती. खूण रोज डोळ्यांसमोर होती.

जुना ऑल्टरनेटर मी नवा घेतानाच दुकानात जमा केला होता, कारण नवा पार्ट देताना दुकान जुन्यासाठी जे डिपॉझिट घेतं, ते जुना जमा केल्यावर परत मिळणार होतं. ते मिळालं. पण तो जुना पार्ट तोवर दुरुस्तीसाठी कारखान्याकडे रवाना झाला होता, त्यामुळे तोच पुन्हा बसवून नव्याचा वाद निवांत लढवण्याचा मार्गही मीच बंद केलेला होता. निदान पक्कं होईपर्यंत जुना पार्ट जमा करायचा नाही. डिपॉझिटसाठी सहसा काही दिवसांची मुदत असते, ती विचारून घ्यायची. मी बेंचवर "चालतोय" ठरलेला तोच ऑल्टरनेटर घरी आणला, पट्टी बदलली आणि तो पुन्हा बसवला. मीटरवर 14.2 आले.