फार्न्सवर्थ हाउस : नदीकाठच्या काचघराची पार्श्वभूमी

शिकागोकडे मुलाकडे किंवा लेकीकडे चार-पाच महिने राहून येणारे आईवडील सांगलीत आता घरोघरी आहेत. नायगारा, मंदिर, मॉल झालं की प्लेनो गावचं फार्न्सवर्थ हाउस हे काचेचं घर बघायला नेतात, विशेषतः घरात कुणी आर्किटेक्ट किंवा सिव्हिलवाला असेल तर. शिकागोपासून गाडीने तासा-दीड तासाचं अंतर. घराचं रूप फोटोंतून सगळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून पोलाद, काच आणि साधेपणा यांवर इथे पुन्हा लिहीत नाही. कृष्णाकाठच्या माणसाला या घरात वेगळंच काही दिसतं. ते पुराचं घर आहे.

सुरुवातीचा भाग थोडक्यात. शिकागोतल्या फार्न्सवर्थ नावाच्या डॉक्टरबाईंना, मूत्रपिंडाच्या आजारांतल्या तज्ज्ञ, सुट्टीच्या दिवसांसाठी फॉक्स नदीच्या काठी घर हवं होतं. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या नामवंत वास्तुरचनाकाराला त्यांनी ते काम दिलं. १९४७ साली न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात घराची प्रतिकृती मांडली गेली आणि १९५१ मध्ये घर उभं राहिलं. खर्च ७० हजार डॉलरच्या वर गेला आणि दोघं कोर्टात गेले. त्या भांडणावर आजवर भरपूर लिहून झालंय. त्या मानाने जोत्यावर फारच कमी.

जमीन पुराची आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर घर आठ पोलादी खांबांवर उचललं आणि फरशी जमिनीपासून ५ फूट ३ इंचांवर ठेवली. आधीचं मोठं पाणी कुठवर आलं होतं याची चौकशी करून, त्याच्या वर राहील असा हिशेब केला होता. सांगलीच्या गावभागातले जुने वाडे बांधणाऱ्यांनीही हेच केलं. फरक एवढाच की याच मालकीच्या जागेत मागे चढावर उंच जमीन होती. तरी घर बसवलं नदीच्या बाजूला, कारण झाडाखालून पाणी दिसावं. माझ्या मते पुढचं सगळं रामायण या एका पसंतीतून आलं.

१९५४ मध्ये, म्हणजे घर बांधून तीनच वर्षं झाल्यावर, फरशीवर सुमारे ४ फूट पाणी चढलं. पडदे, गालिचे, लाकडी पॅनेल भिजून गेले. बाईंनी घर पुन्हा लावलं. डासांनी हैराण होऊन ओसरीला जाळ्या त्यांनी आधीच बसवल्या होत्या. पुढे शेजारून रस्ता आणि नवा पूल आला, त्यात काही एकर जमीन गेली. अखेर १९७२ मध्ये त्यांनी घर लंडनच्या एका बांधकाम व्यावसायिकाला विकलं. त्याने जाळ्या काढल्या आणि वास्तुरचनाकाराच्या खुर्च्या आणून मांडल्या. आज पर्यटक ज्या खुर्च्यांचे फोटो काढतात त्या बाईंच्या काळात तिथे नव्हत्या.

खरा दणका १९९६ च्या जुलैत बसला. नदीच्या वरच्या अंगाला ऑरोरा परिसरात एका दिवसात जवळपास १७ इंच पाऊस झाला. फरशीच्या वर सुमारे ५ फूट पाणी. काचा फुटल्या, सामान आणि चित्रं वाहून गेली. मधला लाकडी भाग नव्याने करावा लागला.

आपल्याकडे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांच्या वर गेलं की बोट कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे जातं. फॉक्स नदीवर अलमट्टीएवढं धरण नाही. तिथल्या जाणकारांनी बोट दाखवलं ते वरच्या गावांच्या वाढीकडे. शेतं गेली, डांबर आणि काँक्रीट आलं, मुरणारं पाणी सरळ नदीत धावू लागलं. सांगलीच्या शामरावनगरातले ओत, म्हणजे पाणी वाहून नेणारे सखल भाग, बुजवून प्लॉट पडताना ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जुन्या पुरावरून धरलेली उंची खोटी ठरते ती अशी. आपल्या नकाशांवरची लाल पूररेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पाण्याची मानतात. या घराने साठ वर्षांच्या आत किमान तीनदा फरशी बुडालेली पाहिली.

पुढचा मोठा पूर सप्टेंबर २००८ चा. तोवर घर खासगी राहिलं नव्हतं. डिसेंबर २००३ मध्ये लिलावात ते ७५ लाख डॉलरना वारसा जपणाऱ्या संस्थांनी घेतलं आणि २००४ पासून तिकीट काढून बघता येऊ लागलं. २००८ मध्ये कर्मचाऱ्यांनी बरंच सामान आधीच उंचावर चढवलं, पण कपाट हलवता आलं नाही, ते भिजलं. पाणी फरशीवर दीड फूट.

मग तो प्रश्न आला, ज्यावरून तिथले तज्ज्ञ अजून एकमेकांशी भांडतात. २०१४ च्या सुमारास तीन पर्याय चर्चेत होते. घर जागेवरच ठेवून खालची जमीन भरावाने उंच करायची. घर त्याच आवारात चढावर न्यायचं. किंवा घराखाली खड्डा खोदून त्यात हायड्रॉलिक जॅक बसवायचे, पुराची सूचना आली की अख्खं घर वर उचलायचं आणि पाणी ओसरलं की खाली. खर्चाचा अंदाज ३० लाख डॉलरच्या घरात. जॅकवाल्यांचं म्हणणं असं की नदी, झाडं आणि घर यांचं मूळ नातं फक्त याच उपायात टिकतं. चढावर नेलं तर ते दुसरंच घर होईल आणि भराव घातला तर खांबांना अर्थ उरणार नाही.

हे पटतंही आणि खटकतंही. जॅक लावून घर उचलणारे ठेकेदार आपल्याकडेही आहेत. भिंतीखाली ओळीने जॅक लावायचे, सगळ्या गड्यांनी एका हुकमावर सारखाच आटा फिरवायचा, हवी तेवढी उंची मिळाली की खाली वीटकाम. काम एकदाच होतं आणि विषय संपतो. प्लेनोतला जॅक मात्र वर्षानुवर्षं खड्ड्यात पडून राहणार आणि नेमका ज्या रात्री नदी चढेल त्या रात्री त्याने बिनचूक चालायचं. पुराचं पाणी सगळ्यांत आधी भरणार तेही त्याच खड्ड्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा मारुती चौकातल्या किती तळघरांतले पंप ऐन वेळी चालले, हे तिथल्या दुकानदारांना विचारावं. चढावर नेण्याचा पर्याय वास्तुप्रेमींना अपमान वाटतो. सांगलीत नदीकाठच्या दत्तनगर-काकानगरच्या लोकांना स्थलांतर करा म्हणून सांगताना मात्र नदीशी असलेल्या नात्याची आठवण कुणाला होत नाही.

जॅकची चर्चा गाजली, पण घर आहे तिथेच, त्याच ५ फूट ३ इंचांवर आहे. २०२१ मध्ये नावात बाईंचं पहिलं नाव जोडलं गेलं आणि आता ते एडिथ फार्न्सवर्थ हाउस आहे. त्याच सुमारास काही काळ आत बाईंच्या वेळचं वाटेल असं फर्निचर मांडून दाखवलं गेलं. हिवाळ्यात घर बंद असतं, तेव्हा जाणं एप्रिलनंतर ठरवावं आणि तिकीट आधी काढून ठेवावं. स्वागतकक्षापासून घरापर्यंत नदीकाठाने चालत जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावं.