खंड्याचा निळा रंग कागदावर उतरवताना

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरले की सलीम अली पक्षी अभयारण्यातल्या खारफुटीत छोटा खंड्या हमखास शोधला जातो. त्याचे चित्र बहुतेकांचे बिघडते ते निळ्या रंगावर, कारण त्या पिसांत निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या तंतूंत केराटिनची (नखे-केस ज्याचे बनतात त्या प्रथिनाची) स्पंजासारखी अतिसूक्ष्म जाळी असते. तिची रचना अशी, की निळा प्रकाशच जोरात परततो. उरलेला बराचसा मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य शोषून घेते. पोटाचा नारिंगी मात्र रंगद्रव्याचाच.

निळा फिका पडला की त्यात पांढरा मिसळण्याचा मोह होतो. तिथेच चित्र खडूसारखे निस्तेज होते, कारण पांढऱ्या रंगाचे कण सगळ्याच तरंगलांबी सारख्या विखुरतात. जलरंगात उजेड कागदातूनच यायला हवा. पाठीवरच्या झळाळत्या पट्ट्याची जागा कोरी ठेवावी, तिथे थॅलो ब्लू या तीव्र निळ्याचा एकच पातळ हात द्यावा आणि पुन्हा कुंचला लावू नये. पंखांसाठी त्याच निळ्यात थोडा हिरवा आणि किंचित बर्न्ट अंबर हा तपकिरी. पंखांवरचे फिकट ठिपके रंगवायचे नाहीत, सोडायचे. शेजारचा नारिंगी शुद्ध राहिला, तर निळा आपोआप उठून दिसतो.

त्याआधी रेखाटन पक्के हवे. पक्षी जेमतेम १६-१७ सेंटिमीटरचा, म्हणजे ए-४ कागदावर खऱ्या मापाचा मावतो. चोच सुमारे ४ सेंटिमीटर. ती आखूड काढली की खंड्या हरवलाच. मादीच्या चोचीचा खालचा भाग तांबूस-नारिंगी असतो, नराची चोच जवळजवळ पूर्ण काळी. पाय फार आखूड असतात. पुढच्या तीन बोटांपैकी मधले आणि बाहेरचे बऱ्याच लांबीपर्यंत जोडलेली असतात; फोटोत हे सहसा दिसत नाही, म्हणून तिथे चिमणीचे पाय काढले जातात. अशा तपशिलांसाठी दुर्बीण आणि पेन्सिल कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाची.

गोव्याच्या पावसाळ्यात खरी परीक्षा कागदाची. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती, गुळगुळीत कागद घ्यावा. खरबरीत पोतावर बारीक पिसे तुटक येतात. दमट हवेत कागदावरचे सायझिंग, म्हणजे रंग पटकन शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ, खराब होते, मग रंग टिपकागदासारखा शोषला जाऊन डाग पडतात. म्हणून सुटे कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावेत. पहिला हात वरवर सुकल्यासारखा दिसतो, पण अर्धवट ओल्यावर दुसरा दिला की खालचा रंग सुटतो आणि कडांना फुलकोबीसारखे ओघळ उठतात. हाताची मागची बाजू कागदाला लावून पाहावी. गार लागला तर थांबावे.

पूर्ण झालेले चित्र थेट काचेला टेकवून फ्रेम करू नये. काचेवर दव धरते, कागद तिला चिकटतो आणि बुरशी येते. मध्ये जाड माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच.