एरर नाणी (टाकसाळीतील चुका)

नाणे पाडताना कोरी चकती, ठसा (डाय) किंवा प्रत्यक्ष आघात यांपैकी कोठे तरी बिघाड झाल्यामुळे ठरलेल्या नमुन्याहून वेगळे उतरलेले आणि टाकसाळीच्या तपासणीतून निसटून चलनात आलेले नाणे म्हणजे एरर नाणे. टाकसाळीबाहेर पडल्यानंतर नाण्याला जे काही होते, ती केवळ इजा समजली जाते. त्यामुळे एखादे विचित्र नाणे हाती आले की त्याची किंमत विचारण्याआधी, ही खूण नाणे घडण्याच्या कोणत्या पायरीवर उमटू शकली असती, हा प्रश्न विचारावा लागतो. ज्या खुणेला अशी पायरीच सापडत नाही, ती चूक मानता येत नाही.

चूक ही त्या त्या काळातील रीतीच्या तुलनेतच ठरते आणि नाशिक परिसरातील नाणी याचे चांगले उदाहरण आहेत. पेशवाईत नाशिकच्या टाकसाळीतील रुपयांवर शहराचे ‘गुलशनाबाद’ हे मोगली नाव असे, तर चांदवडचा रुपया ‘चांदोरी’ म्हणून चाले. ही नाणी, तसेच तांब्याची शिवराई, हातोड्याच्या घावाने पाडली जात. शिवराईची चकती पुष्कळदा ठशापेक्षा लहान असल्याने ‘श्री राजा शिव’ हा मजकूर कडेला तुटलेला दिसतो. अक्षरांची वळणे व ऱ्हस्व-दीर्घही नाण्यागणिक बदलतात. यंत्रयुगातील नाण्यावर हेच दिसले असते तर ते एरर ठरले असते. शिवराईच्या बाबतीत मात्र ते नित्याचेच आहे. गोदावरीकाठच्या जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेला साठा याहून बोलका आहे. त्यात क्षत्रप नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतील सुमारे 9 हजार नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उठवली होती. नहपानाच्या चेहऱ्यावरून जाणारी चैत्याची (कमानी रचलेल्या टेकडीसारखी) आकृती नवख्याला दुहेरी आघाताची चूक वाटते; प्रत्यक्षात ती जिंकणाऱ्या राजाने जाणीवपूर्वक केलेली राजकीय कृती आहे.

आज नाशिकरोडच्या मुद्रणालयांत नोटा आणि तिकिटे छापली जातात, नाणी पाडली जात नाहीत. ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद व नोएडा येथील टाकसाळींतून येतात. तेथे धातूच्या पट्टीतून चकत्या कापल्या जातात, तापवून मऊ केल्या जातात, त्यांची कड उभारली जाते आणि मग दोन ठशांच्या मध्ये, भोवती पोलादी कडे (कॉलर) असताना, एका दाबात नाणे तयार होते. चकती कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर नवी चकती आधीच्या भोकावर येते आणि नाण्याला चंद्रकोरीसारखी खोबण पडते. अशा खऱ्या खोबणीच्या बरोबर समोरची कड सहसा पुसट असते, कारण कड उभारणाऱ्या यंत्रात खोबणीच्या जागी धातूच नसल्याने समोरच्या बाजूवरही पुरेसा दाब पडत नाही. खोबणीलगतची अक्षरे तिच्याकडे ओढली गेल्यासारखी वाटतात. कानशीने कापलेल्या नाण्यात अक्षर मध्येच तुटते आणि समोरची कड शाबूत राहते.

ठशातील दोष त्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर उतरतो, हे त्याचे मुख्य लक्षण. ठशाला तडा गेला की त्या भेगेत धातू शिरतो आणि नाण्यावर उंचवट्याची रेघ येते. ओरखडा मात्र खोलगट असतो. बोटाच्या नखाला आणि दहापट भिंगाला हा फरक सहज कळतो. ठशाचा कडेचा तुकडाच निखळला तर तेथे बिनआकाराचा फुगवटा दिसतो. ठसा घडवतानाच त्यावर प्रतिमा किंचित सरकून दोनदा उठली तर अक्षरे जाड, गोलसर आणि टोकांशी दुभंगलेली येतात. याला ‘डबल डाय’ म्हणतात आणि अमेरिकेचा 1955 सालचा लिंकन सेंट यासाठी प्रसिद्ध आहे. याच्याशी नेहमी गल्लत होते ती आघातानंतर ठसा थरथरल्याने होणाऱ्या दुहेरीपणाची. त्यात अक्षराच्या कडेला सपाट पायरी दिसते, अक्षर उलट बारीक होते आणि संग्राहक त्याला फारसे मोल देत नाहीत. ऑनलाइन विक्रीला असणारी बरीच ‘डबल डाय’ नाणी प्रत्यक्षात याच प्रकारची निघतात.

दोन वेगळ्या नाण्यांचे ठसे चुकून एकत्र आले तर त्याला म्यूल म्हणतात. ब्रिटनमध्ये 2008 साली 20 पेन्सच्या नाण्याची नवी मागील बाजू जुन्या दर्शनी बाजूशी जोडली गेली. जुन्या रचनेत वर्ष मागे होते, नव्या रचनेत ते पुढे यायचे होते, म्हणून या नाण्यांवर वर्षच राहिले नाही.

प्रत्यक्ष आघातातील चुका सर्वांत नेत्रसुखद असतात. चकती नीट मध्यभागी बसली नाही की चित्र एका बाजूला सरकते आणि उरलेली जागा कोरी राहते. कडे नीट न बसल्यास नाणे पसरट होते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि त्यावर नवी चकती आली तर तिच्या एका बाजूला नेहमीचे चित्र, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट आणि उलटे उमटते. या ब्रॉकेज नाण्याला भारतीय संग्राहक ‘लखी’ म्हणतात. दोन नाणी शेगड्यात (वाइसमध्ये) दाबून बनावट लखी करणे अवघड नाही. पण तशा दाबात नाण्याचे मूळ चित्र चेपते आणि उलटी आकृती अर्धवट राहते. 10 रुपयांच्या द्विधातू नाण्यातही असेच तारतम्य लागते. मधली चकती आणि बाहेरचे कडे एकाच आघातात जोडले जातात, म्हणून मधला भाग निखळला असूनही कड्याच्या आतली कड स्वच्छ व सरळ असेल, तर तो नंतर कोणी तरी ठोकून काढलेला असण्याचीच शक्यता अधिक.

नाशिकच्या रामकुंडात भाविकांनी टाकलेली आणि दोरीला बांधलेल्या चुंबकाने बाहेर काढलेली नाणी बाजारात परततात तेव्हा ती खड्ड्यांनी भरलेली, काळवंडलेली आणि कधी पातळही झालेली असतात. पाणी व गाळ यांचा हा परिणाम टाकसाळीच्या माथी मारता येत नाही. सराफ बाजारात दिसणाऱ्या जुन्या चांदीच्या रुपयांवरील बारीक ठोकेही सराफांनी पारख केल्याच्या खुणा असतात. चुंबक मात्र पारखीलाही उपयोगी पडतो: 1992 नंतरचा पोलादी 1 रुपया त्याला चिकटतो, तांबे-निकेलचे जुने 9 ग्रॅमचे 5 रुपयांचे नाणे चिकटत नाही, त्यामुळे चुकीच्या धातूच्या चकतीवर पाडल्याचा दावा चुंबक आणि 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा यांपुढे बहुधा टिकत नाही.

प्रकार आणि चूक यांतही फरक करावा लागतो. हिरा (मुंबई), पाच टोकांचा तारा (हैदराबाद), ठिपका (नोएडा) किंवा कोणतेच चिन्ह नसणे (कोलकाता) या टाकसाळींच्या खुणा आहेत. 10 रुपयांच्या नाण्याच्या 14 रचना वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केले होते. रुपयाचे चिन्ह (₹) नसलेले नाणे हे ते चिन्ह येण्यापूर्वीच्या रचनेचेच आहे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याची सूचना याच बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिली.

नाशिक-त्र्यंबकेश्वर मार्गावरील अंजनेरी येथील, 1980 मध्ये स्थापन झालेली भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था या विषयाच्या अभ्यासकांना जवळ पडते. तेथे किंवा इतरत्र जाणकाराला नाणे दाखवण्याआधी ते चिंचेने वा पावडरीने घासू नये. आघाताच्या वेळी धातू कसा वाहिला याच्या केसाएवढ्या रेषा पृष्ठभागावर असतात आणि खरी चूक व नंतरची करामत यांतला निवाडा बहुतेक वेळा त्यांवरच होतो.